येते म्हणाली होती ती

मला कुणी ‘गाव कुठलं?’ असं विचारलं की माझी पंचाईत होते. टोकियोतल्या तोयोसुत मराठी माणसांना तोटा नाही. लिफ्टमध्ये दोघं भेटले तर त्यातला एक कोथरूडचा निघतो. दिवाळीच्या फराळाला जमलो की हा प्रश्न हमखास येतो, आणि सांगली, सातारा, नाशिक अशी उत्तरं फिरत फिरत माझ्यापाशी आली की मी सांगते, सेनोउचि. हे कोकणात आलं का, असं एकानं विचारलंही होतं. मग मी सांगते की सेंदाईहून दोन डब्यांची डिझेल गाडी डोंगराकडे जाते, तिनं गेलं की लागतं, आणि मी तिथे लहानपणी तीन वर्षं होते. तीन वर्षांत कुठे गाव होतं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. माझं झालं. पुण्यात मी त्याच्या कितीतरी पट राहिले, पण पुणं हा माझा पत्ता होता.

सेनोउचि म्हणजे खळखळाटाच्या आतलं गाव. डोंगरातून उतरलेली नदी तिथे एक मोठं वळण घ्यायची आणि त्या वळणाच्या पोटात खालची आळी वसली होती. नदीला नकाशावर चांगलं लांबलचक नाव आहे, पण गावात सगळे तिला नुसतं ‘कावा’ म्हणत, म्हणजे नदी. आईला हे फार आवडलं. तिचं माहेर कृष्णाकाठचं, आणि तिकडेही कृष्णेला कुणी कृष्णा म्हणत नाही, नदीच म्हणतात. नदीच्या आणि डोंगराच्या मध्ये भातखाचरांचा एक खोलगट पट्टा होता, चंद्रकोरीसारखा वाकडा. त्याला फुरुकावा म्हणायचे, जुनी नदी. कुठल्याशा पिढीत नदी तिथून वाहत होती. मग एका पुरात तिनं घर बदललं आणि लोकांनी तिच्या जुन्या जागेत भात लावला. खालच्या आळीतून शाळेकडे, देवळाकडे, डोंगरावरच्या कुठल्याही गोष्टीकडे जायचं तर फुरुकावा ओलांडून जावं लागे. रोज शाळेला जाताना मी एका नदीतून चालत जाते हे मला बाबांनी सांगितल्यावर मी बरेच दिवस चपला हातात घेऊन जायचं नाटक करत असे.

एके काळी हे गाव श्रीमंत होतं म्हणे. डोंगरातला तांदूळ आणि लाकूड इथे होड्यांत चढायचं आणि नदीनं खाली समुद्रापर्यंत जायचं. नावाड्यांच्या घरांना दोन दोन माड्या होत्या. मग रेल्वे यायची वेळ झाली, तेव्हा नावाडी म्हणाले, आमच्या दारात ते धुराडं नको. रेल्वे मुकाट्यानं पलीकडच्या काठानं गेली आणि तिच्याबरोबर तांदूळ, लाकूड, सावकार आणि सिनेमाचं थिएटर, सगळं पलीकडे गेलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते मला शाळेत शिकावं लागलं नाही. देवळाच्या पायऱ्यांशी एक उभा दगड होता, त्यावर वेगवेगळ्या पुरांच्या रेघा कोरलेल्या होत्या. खालच्या रेघा माझ्या गुडघ्याला, कमरेला लागायच्या. सगळ्यात वरची बाबांच्या टोपीच्याही वर होती. गावातली मुलं त्या दगडाला पाठ लावून आपली उंची मोजायची. तिसऱ्या रेघेच्या वर डोकं गेलं की मूल मोठं झालं असं धरत.

बाबा तिथे गाळ गोळा करत. म्हणजे ते सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करत होते, आणि नदी कुठला गाळ कुठे नेऊन टाकते हा त्यांचा विषय होता, आणि विद्यापीठाची एक छोटी निरीक्षण चौकी सेनोउचित होती म्हणून आम्ही तिथे राहत होतो. पण वर्गात बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तेव्हा मी माझ्या नव्या जपानीत सांगितलं, चिखल जमवतात. तेव्हापासून गावात बाबांचं नाव दोरो-सेन्सेई, म्हणजे चिखलमास्तर, असं पडलं. बाबांना ते आवडायचं. आईला नाही. ‘एमएस्सी फर्स्ट क्लास नवरा म्हणून केला,’ ती म्हणायची, ‘आणि इथे येऊन बघते तर कुंभार.’

आमच्या शेजारी हात्सुए-सान राहायची. आई तिला हात्सुए-सान म्हणे, मी बाआचान, म्हणजे आजी. साठीला आलेली, ठेंगणी, गुडघे गेलेले, आणि तोंड मात्र पक्कं शाबूत. नवरा गावातल्या शेवटच्या नावाड्यांपैकी. तो वारला होता आणि मुलगा टोकियोत नोकरीला होता. तिच्या पडवीच्या आढ्याला नवऱ्याची होडी उलटी टांगलेली होती, आणि मागच्या अंगाला दगडी जोत्यावर उंच चढवलेली एक कोठी होती. जुन्या सगळ्याच घरांना तशी कोठी असे. तांदूळ, लोणच्यांची पिंपं, चांगल्या गोधड्या तिथे ठेवायच्या, आणि पाणी आलं की माणसांनीही तिथेच चढायचं. मी जपानी शिकले ती शाळेत कमी आणि बाआचानच्या पडवीत जास्त. त्यामुळे आजही मी मीटिंगमध्ये जरा घाईत बोलायला लागले की ऑफिसमधली तरुण मुलं खाली बघून हसतात. त्यांच्या मते मी डोंगरातल्या म्हाताऱ्या शेतकरणीसारखी बोलते. बरोबर आहे त्यांचं.

आई आणि बाआचान यांची मैत्री अळूवरून सुरू झाली. फुरुकावाच्या कडेनं अळूची शेतं होती, हत्तीच्या कानाएवढी पानं. तिथले लोक खालच्या अळकुड्या काढतात, देठ वाळवतात आणि पानं टाकून देतात. परदेशात येऊन सहा महिने कोबी खाल्लेल्या माझ्या आईनं ती टाकलेली पानं बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदर खोचून ती गोळा केली. बाआचाननं हे बघितलं आणि तिला वाटलं, विद्यापीठ चिखलमास्तरांना पगारच देत नाही. संध्याकाळी ती तांदळाची पिशवी घेऊन दारात उभी. आईनं तिला हाताला धरून आत आणलं आणि अळूचं फदफदं वाढलं. चिंच मिळत नव्हती म्हणून त्यात बाआचाननंच दिलेलं उमेबोशी घातलं होतं, म्हणजे ते खारवलेलं आंबटढाण फळ. बाआचान वाडग्याकडे बघत बसली. ही पानं घशाला खाजतात हे तिला माहीत होतं. तिनं एक घोट घेतला, थांबली, घशाला हात लावून बघितला, आणि मग सगळं संपवून वाडगा पुढे केला. शरद ऋतूत आळीतले सगळे नदीच्या वाळूत दगडांची चूल मांडून अळकुड्यांचा मोठा रस्सा करत, तेव्हा मोठ्या पातेल्यात डुकराचं मांस असे. पण त्याच्या शेजारी बाआचान आमच्यासाठी एक लहानसं वेगळं पातेलं ठेवी आणि कुणाचा डाव चुकून त्यात जाऊ नये म्हणून राखणीला बसे.

आवाजांचं सांगायचं तर नदीचा आवाज इतका सतत असे की ऐकू येत नसे. संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या खांबांवरच्या भोंग्यांतून एक गाणं वाजायचं, मुलांनो घरी जा असं सांगणारं. त्याच भोंग्यांतून कधी वर धरणाचं पाणी सोडल्याची सूचना यायची. तो आवाज डोंगरावर आपटून दोनदोनदा यायचा, त्यामुळे आईला त्यातलं अक्षर कळत नसे. मी सांगे, नदीत उतरू नका म्हणतायत. आई म्हणे, ‘मग बरं. मला वाटलं, कुणी गेलं.’ पुराची तिला भीती नव्हती. ‘आमच्याकडे नदी देवळात येते, देवाला अंघोळ घालते आणि जाते,’ असं ती मोठ्या ऐटीत सांगायची. तिच्या नदीला येऊन जायला चार दिवस लागत, या नदीला एक दुपार पुरे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या शब्दाचं. आपल्याकडे दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आईनं जपानी शिकायला घेतलं तेव्हा तिनं क्रियापदांची दोन पानं पाठ केली आणि ‘येते’ला ‘किमासु’ हा शब्द सापडल्यावर तो ताबडतोब वापरायला काढला. दुकानातून निघताना किमासु. पोस्टातून निघताना किमासु. हसून, मान जरा तिरपी करून. तोफूवाले सातो-सान यांनी त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक तोफू दुकान बंद होईपर्यंत पाण्यात राखून ठेवला, आणि बाई काही परत येईनात म्हणून शेवटी स्वतः घरी आणून दिला. आईनं संकोचानं तो घेतला. असं दोनतीनदा झालं. मग सातो-सान यांना कळलं असावं की या बाईंचं येणं काही खरं नसतं. बाबा हसायला लागले. ‘अगं, किमासु म्हणजे मी परत इथे येते. लोक वाट बघत बसतात.’

‘मग येतेच ना मी परत?’ आई म्हणाली.

‘निरोप घेताना नाही म्हणत तसं.’

‘मग काय म्हणू, जाते? कुणाच्या दारात उभं राहून जाते म्हणू? तुमच्या आईंनी ऐकलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?’

बाबांची आई निघाली की विषय संपत असे. आणि बाआचानच्या बाबतीत तर चूक उघडी पडायचा प्रश्नच नव्हता. आई रोज सकाळी तिच्याकडे जायची, निघताना किमासु म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच यायची. त्यामुळे बाआचानच्या दृष्टीनं माझी आई ही दिलेला शब्द पाळणारी बाई होती.

तिसऱ्या वर्षी भात कापणीला आलेला असताना वादळ आलं. वादळं दर वर्षीच यायची. या खेपेला डोंगरात दोन दिवस आधीपासून पाऊस लागला होता. बाबा सेंदाईला गेले होते आणि गाड्या बंद पडल्यामुळे तिथेच अडकले होते. शाळेला सुट्टी होती. सकाळीच भोंगे वाजले, खालच्या आळीतल्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत यावं. मी ऐकून आईला सांगितलं. तिनं खिडकीतून बघितलं. बांध पक्का दिसत होता, पाणी खूप खाली होतं. ‘कुठे आहे पाणी?’ ती म्हणाली. पण सेनोउचित पाणी बांधावरून येत नसे. ते मागून, फुरुकावातून यायचं. जुन्या वाटेची नदीला आठवण व्हायची, आणि मग खालची आळी म्हणजे बेट. एवढं बाबांकडून माझ्या कानावर होतं. तेवढ्यात सातो-सान आपला तोफूचा छोटा ट्रक घेऊन आलेच. गावात आगीला-पुराला धावून जाणारं दल म्हणजे हेच दुकानदार आणि शेतकरी, त्या दिवशी डोक्यावर हेल्मेट घातलेले. पुढच्या सीटवर आम्ही दोघी मावत होतो, मागे वारा-पावसात बाआचानला बसवणं शक्य नव्हतं. ती दारात येऊन म्हणाली, ‘पोरीला घेऊन तुम्ही व्हा पुढे. मला देव्हाऱ्यातल्या मृतांच्या नावांच्या पाट्या काढून बांधायच्यात. पुढच्या खेपेला येईन.’ आईला यातलं जेमतेम निम्मं कळलं असेल. ती घाईनं ट्रकमध्ये चढली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडली, ‘हात्सुए-सान, किमासु! किमासु!’ दोनदा म्हणाली ती. वाऱ्यात ऐकू जावं म्हणून.

व्यायामशाळेत चटया टाकल्या होत्या. आळीतली घरं एकेक करून येत होती. दुसऱ्या खेपेला दलातला दुसराच एक माणूस ट्रक घेऊन गेला आणि बाआचानशिवाय परत आला. तिची सोय झालीय, तिला न्यायला कुणी येणार आहे, असं त्यानं सांगितलं. सातो-सान ओल्या टॉवेलनं तोंड पुसत होते. त्यांची नजर आमच्यावर पडली आणि ते थांबले.

‘ओकुसान,’ ते आईला म्हणाले, म्हणजे वहिनी, ‘तुम्ही अजून इथेच? हात्सुए-सान तुमच्यासाठी थांबलीय. तुम्ही किमासु म्हणालात ना?’

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘मी कुठे? मी तर नुसतं येते म्हटलं.’ हे मी जपानीत सांगायच्या आधीच सातो-सान यांनी कपाळावर हात मारला. ‘तोफू!’ ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा उतरला.

ट्रक घेऊन गेलेल्या माणसाला बाआचान काय म्हणाली ते मग त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. ‘ती येते म्हणालीय, दोनदा म्हणालीय. ती आली आणि मी नसले तर ती मला शोधत बसेल. तिला फुरुकावाचं पाणी माहीत नाही. ती आली की तिला घेऊनच येईन.’ मी हे आईला शब्दाशब्दानं सांगितलं. तिची पावसानं भिजलेली वेणी खांद्यावर तशीच होती. ती चपला घालायला लागली. सातो-सान म्हणाले, मी एकटा जातो. आई मला म्हणाली, ‘सांग त्यांना, त्या तुमच्याबरोबर निघणार नाहीत. मी दिसल्याशिवाय उंबरा सोडणार नाहीत.’ बाआचानला सातो-सान जन्मापासून ओळखत होते. त्यांनी ट्रकचं दार उघडलं.

आई माझ्याजवळ आली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘इथेच बस हं. येते.’

तो शब्द ऐकून मला इतका राग आला की मी तिचा हात झटकला. ‘खरंच येतेस, की नुसतंच?’ मी विचारलं. सगळ्या व्यायामशाळेत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

‘खरंच येते,’ आई म्हणाली.

व्यायामशाळेच्या खिडक्या उंच होत्या, पण पायऱ्यांवरून खालचं सगळं दिसायचं. ट्रक फुरुकावात उतरला तेव्हा पाणी चाकाच्या निम्म्यावर होतं. तो पलीकडे चढला आणि घरांमागे दिसेनासा झाला. मी बघत होते तोवर भाताची लोंबं बुडाली, मग रस्त्याच्या कडेचे खांब आखूड झाले, आणि मग रस्ता कुठे होता ते कळेना. बाबांच्या टेबलावर जुने नकाशे असत, त्यात दोन नद्या दाखवलेल्या होत्या आणि मध्ये गाव. तसंच दिसत होतं. कुणीतरी मला भाताची मूद दिली, समुद्री शेवाळात गुंडाळलेली. मी ती हातात धरून बसले. मी घाबरले होते, आणि घाबरल्याचा मला राग येत होता, आणि किमासु या शब्दाचा सगळ्यात जास्त. पाच वाजले तेव्हा भोंग्यांतून रोजचं गाणं वाजलं. ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाण्यावर ते नेहमीपेक्षा मोठं ऐकू आलं, मुलांनो घरी जा म्हणून. शेजारची बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मी नाही रडले.

तिकडे काय झालं ते मला तिघांनी तीन वेळा सांगितलंय, आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. पण सुरुवातीबद्दल तिघांचं एकमत आहे. बाआचान पडवीच्या पायरीवर बसली होती. पायांत रबरी बूट, डोक्याला रुमाल, पाठीला पाट्यांचं गाठोडं. आईला बघून ती म्हणाली, ‘ओसोकात्ता ने.’ उशीर केलास गं. आणि काठी टेकून उठली. ‘साआ, इकुबे.’ चल, निघू. एवढंच. जसं काही सिनेमाला जायचं ठरलं होतं.

निघाले, पण फुरुकावा बंद झाला होता. ट्रक आळीच्या टोकाला गेला आणि उलटा आला. मग तिघंही बाआचानच्या कोठीत चढले. पाणी अंगणात आलं, पडवीत आलं, टांगलेल्या होडीखाली डोलायला लागलं. सातो-सान जिन्यात बसून आपल्या ट्रकचा शोक करत होते. बाआचाननं एक पिंप उघडून मुळ्याचं लोणचं कापलं आणि दोघांना खायला घातलं. आणि तिथे, त्या लोणच्याच्या वासात बसून, आईनं तिच्याजवळ होती तेवढी सगळी जपानी गोळा करून सांगितलं, ‘हात्सुए-सान. माझं किमासु म्हणजे सायोनारा.’ सातो-सान यांना हे पुढे गावभर सांगायला मिळालं आणि ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं. बाआचान म्हणाली, ‘मग आलीस कशाला?’ आईनं मुळ्याची आणखी एक चकती घेतली.

पाणी कोठीच्या जिन्यात वरून दुसऱ्या पायरीशी थांबलं. अंधार पडायच्या आत दलाची मोटरबोट गेली आणि तिघांना घेऊन आली. बाआचान सातो-सान यांच्या पाठीवर होती. आई मागून चालत होती, साडीला चिखल, पाय अनवाणी. मला बघून ती म्हणाली, ‘आले बघ.’ तेव्हा मात्र मी रडले, आणि भाताची मूद अजून माझ्या हातात होती असं आई सांगायची.

पूर ओसरल्यावर देवळाच्या दगडावर नवी रेघ कोरली गेली. माझ्या कानाच्या पाळीला लागायची. आणि आईच्या बोलण्यात दुरुस्ती झाली. ती मी केली. जपानीत घरातून निघताना म्हणतात ‘इत्ते किमासु’, म्हणजे जाऊन येते, आणि घरातला माणूस म्हणतो ‘इत्ते राश्शाई’, म्हणजे जाऊन ये. मी आईला म्हटलं, हे म्हण, यात जाणंही आहे आणि येणंही. ती खूश झाली. ‘बघा, यांच्याकडेही आहे,’ ती बाबांना म्हणाली, ‘उगीच मला शिकवत होतात.’ दुसऱ्या दिवशी बाआचानकडून निघताना तिनं म्हटलं, इत्ते किमासु. मला शाळेतला शहाणपणा आला होता. मी म्हटलं, ‘आई, ते फक्त आपल्या स्वतःच्या घरातून निघताना म्हणायचं. दुसऱ्याच्या घरून नाही.’ बाआचाननं विचारलं, काय म्हणतेय पोर? मी सांगितलं. बाआचान भांडी पुसत होती. ‘तिला म्हणू दे,’ ती म्हणाली. ‘इत्ते राश्शाई.’

पुढच्या उन्हाळ्यात बाबांचं काम संपलं आणि आम्ही पुण्याला परतलो. गाडीत सामान चढल्यावर आई बाआचानच्या दारात गेली. काय म्हणावं असा तिला प्रश्न पडला असणार. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘इत्ते किमासु.’ बाआचान इत्ते राश्शाई म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘मात्तेरु.’ वाट बघते. गाडीत बाबा आईला म्हणाले, ‘अगं, इथे असं म्हणायची पद्धत आहे. जपानी माणसं सगळ्यांनाच म्हणतात.’ या एका वाक्याबद्दल मी बाबांना अजून माफ केलेलं नाही. ते असते तर त्यांना तोंडावर सांगितलं असतं.

मग मधली वर्षं गेली. जपान काही एसटीनं जाऊन यायचं गाव नव्हतं. पुण्यात आजी अंथरुणाला खिळली, माझं लग्न, माझी मुलगी, बाबांचं जाणं. नव्या वर्षाची कार्डं काही वर्षं गेली-आली, मग बंद झाली. आईनं आणि मी मनातल्या मनात बाआचान वारली असं धरून टाकलं होतं. साधा हिशोब होता. चाळिशीत मला कंपनीनं तोयोसुला पाठवलं. पहिली सलग सुट्टी मिळाली तशी मी सेंदाईला गेले आणि तिथून दोन डब्यांच्या गाडीत बसले. मुलगी बरोबर होती. वाटेत तिनं विचारलं, तिथे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, एक दगड आहे.

दगड होता. खालची आळी नव्हती. म्हणजे जागा होती, पण घरं नव्हती. पूर आला तर नदीला पसरायला जागा हवी म्हणून ती सगळी आळी मोकळी करून लोकांना डोंगरावर नव्या वस्तीत नेलं होतं. गवतात जोती तेवढी राहिली होती. आणि त्या गवताच्या मध्यावर एकच घर उभं होतं. पडवीच्या आढ्याला उलटी होडी.

बाआचान नव्वदीची होती. आत बसून शेंगा सोलत होती. मी तोयोसुतल्या ऑफिसात शिकलेल्या अदबीच्या जपानीत माझं नाव सांगितलं, तर तिनं काहीच ओळख दाखवली नाही. मग मी तिच्याच बोलीत म्हटलं, बाआचान, मी चिखलमास्तरांची. ती माझ्या मागे दाराकडे बघायला लागली. ‘आणि आई?’

‘आई पुण्याला आहे.’

‘ती जाऊन येते म्हणून गेलीय,’ ती म्हणाली.

नगरपालिकेची माणसं तिला तीन वर्षं समजावत होती, मुलगा टोकियोहून येऊन हात जोडून गेला होता. वर सगळ्यांची घरं बांधून झाली, तिचंही. किल्लीही दिली. सगळ्यांना तिनं एकच सांगितलं होतं. वरची वस्ती नवी आहे, ती आली तर तिला रस्ता सापडायचा नाही. हे मला वर सातो-सान यांच्या सुनेनं सांगितलं. आम्हाला वाटलं, म्हातारीला घर सोडायचं नाही म्हणून काहीतरी निमित्त सांगते, असं ती म्हणाली. निमित्त असेलही. मला आजही ते नक्की माहीत नाही. पण वादळांचे दिवस दोन महिन्यांवर आले होते.

मी त्या गवतात उभी राहून आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, ‘म्हणजे त्या खरंच थांबल्यात?’

‘हो.’

‘तुझ्या बाबांनी मला काय सांगितलं होतं,’ आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. मग नाक ओढून म्हणाली, ‘तिकीट काढ.’

पुढच्या महिन्यात मी आईला घेऊन गेले. फुरुकावातून आम्ही चालत गेलो. गुडघे आता तिचेही गेले होते. दारापाशी पोचल्यावर तिनं चपला काढल्या, नीट जुळवून ठेवल्या, आणि मी काही सुचवायच्या आधीच आत हाक दिली, ‘तादाइमा.’ आले गं घरी. इतक्या वर्षांत तिनं जपानीचा एक शब्द उच्चारला नव्हता.

आत काठी टेकल्याचा आवाज आला. बाआचान पडवीत आली. तिनं आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पांढऱ्या केसांकडे जरा जास्त वेळ.

‘ओसोकात्ता ने,’ ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. ते बांधलेलंच होतं. पायरीवर बसून तिनं एकेक करून बूट चढवले, काठी टेकली, उठली आणि आईच्या दंडाला धरलं.

‘साआ, इकुबे.’